माहेरी येणारी अग्निशिखा

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठागौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, हा क्रम आपल्या घरोघरी परंपरेने चालत आला आहे. याच सुमारास कोकणात व सह्याद्रीच्या रानांत एक वेल पेटल्यासारखी फुलते. तिचे नाव कळलावी. कोकणात कित्येक ठिकाणी तिच्या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात व ती गौरीस वाहतात. गोमंतकात ती गणपतीवरील माटोळीस बांधतात.

नारदांना लोक कौतुकाने ‘कळलावे’ म्हणतात, आणि आम्ही कीर्तनकार तर नारदांच्याच गादीवर उभे राहणारे! मात्र या वेलीच्या नावातील कळ भांडणाची नव्हे, प्रसूतीची. प्राचीन वैद्यांनी तिचा त्या कामी उपयोग सांगितला, म्हणून ती संस्कृतात ‘गर्भनुत्’. फुलावरून ती ‘अग्निशिखा’ आणि नांगरासारख्या कंदावरून ‘लांगली’ वा ‘हलिनी’.

मृगाच्या सरींनी ओल मुरली की दुभागलेल्या कंदाच्या टोकाचा डोळा फुटतो. कोवळा कोंब आधार शोधू लागतो. या वेलीचे नवल असे, की तिच्या पानाचे टोकच लांबून तणावा होते आणि शेजारच्या झुडपास विळखा घालते. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या उलटून वर उठतात. प्रथम हिरवट, मग पिवळ्या, मग केशरी आणि अखेर लाल. मधला स्त्रीकेसर काटकोनात बाजूस वळतो, त्यामुळे स्वतःचे पराग सहसा स्वतःस लागत नाहीत. ते काम फुलपाखरे व सूर्यपक्षी करतात. पावसाळा सरला की वेल वाळते, आणि पानांनी साठविलेल्या सत्त्वावर पोसलेला नवा कंद मातीत निजतो.

दाक्षिणात्य बंधूंनी हे फूल गौरीच्या पुत्राचे मानले आहे. जुन्या तमिळ काव्यात ‘कांदळ’ या नावाने ते मुरुगनाशी, म्हणजे कार्तिकेयाशी, जोडलेले आढळते. आज ते तमिळनाडूचे राज्यपुष्प असून औषधी बियांसाठी तेथे त्याची शेतीही होते.

परंतु वाचकहो, हे सौंदर्य सविष आहे. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. संपूर्ण वेलीत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन नामक विष असते. गाउट या संधिवातावर ते अत्यल्प मात्रेत औषध ठरते. पण रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून फुले मुलांच्या व गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत, निर्माल्यही जपून टाकावे, फुले हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरगुती औषध म्हणून कंद कदापि वापरू नये.

दुसरी विनंती अधिक कळकळीची. औषधासाठी रानातले कंद खणले जातात, आणि सणाच्या घाईत फुलासाठी आख्खी वेल ओढली जाते. वेल बुडाशी तुटली, तर पुढील वर्षीचा कंद पोसणार कोण? देवीस दोन फुले पुरतात. ती हलकेच खुडावीत आणि काही वेलीवरच राहू द्यावीत, म्हणजे बी धरेल.

गौरीला आपण मूळ नक्षत्रावर निरोप देतो, तो पुढच्या वर्षी परत येण्यासाठी. या रानातल्या माहेरवाशिणीचे माहेर तिच्या मुळाशीच आहे. ते आपण राखावे, म्हणजे पुढील भाद्रपदातही गौरीचे हात फुललेले दिसतील.