तुमचे आवडते पुस्तक कोणते आणि ते तुम्हाला कोणी दिले?

‘तुमचे सर्वांत आवडते पुस्तक कोणते?’ हा प्रश्न मोठ्या दैनिकांच्या रविवार पुरवण्यांतून नेहमी विचारला जातो. उत्तरे देतात लेखक, प्राध्यापक आणि नटनट्या. खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला किंवा कर्जत स्टेशनाबाहेर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला हा प्रश्न कोणी विचारत नाही. जणू आमच्या घरात पुस्तक नसतेच! वाचकहो, वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ६ डिसेंबरच्या रात्री दादरहून कर्जतकडे परतणारी लोकल एकदा पाहा. चैत्यभूमीचे दर्शन घेऊन दमलेली माणसे दाटीवाटीने बसलेली असतात आणि बहुतेकांच्या पिशवीत शिवाजी पार्कवर घेतलेले एखादे तरी पुस्तक असते. तेव्हा हा प्रश्न आपणच आपल्या माणसांना विचारावा असे मी ठरविले.

कानांनी वाचलेला ग्रंथ

त्यासाठी वर्षावासासारखी दुसरी वेळ नाही. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्याकडचा पाऊस कसा, ते सांगायला नको. पत्र्यावर धारा कोसळू लागल्या की वाचणाऱ्याचा आवाज मागे पोचत नाही. मग उपासिका पुढे सरकून बसतात, पण उठून जात नाहीत.

अशाच एका रात्री वाचन संपल्यावर एका आजींना मी विचारले, “आजी, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?” आजींना अक्षरओळख नाही. तरी त्यांनी समोरच्या ग्रंथाकडे बोट केले. “ह्योच. त्यातली ती पाण्याची गोष्ट.”

पाण्याची गोष्ट म्हणजे चंडालिका प्रकृती आणि भिक्खू आनंद यांची. तहानलेला आनंद तिच्याकडे पाणी मागतो. आपण चांडाळाची मुलगी आहोत, असे ती सांगते. आपण पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही, असे आनंद तिला म्हणतो. ज्या आजींनी लहानपणी भर उन्हात विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून वाट पाहिली, त्यांना सबंध ग्रंथातून नेमकी हीच गोष्ट आठवावी, यात नवल ते काय? चवदार तळ्याचे महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ही तारीख आम्हाला कोणत्याही पुस्तकातून पाठ करावी लागली नाही. आजींनी हा ग्रंथ एकदाही हातात धरून वाचला नाही, परंतु प्रत्येक वर्षावासात ऐकला. याला वाचन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

वर्तमानपत्राचे कव्हर

दुसरे उत्तर मिळाले लोकलच्या डब्यात. कर्जतहून मुंबई गाठायची म्हणजे जायला दोन तास आणि यायला दोन तास. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ या वेळात पुस्तके वाचतात. त्यांचे आवडते पुस्तक दया पवारांचे ‘बलुतं’. १९७८ साली ते प्रसिद्ध झाले आणि मराठी साहित्यात खळबळ उडाली. आमच्या जगण्याला आत्मकथेत एवढी उघड जागा तोवर मिळालीच नव्हती.

हे गृहस्थ कित्येक वर्षे ‘बलुतं’ला वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचत. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, “डब्यातले लोक आधी पुस्तकाचं नाव बघतात, मग आपलं आडनाव विचारतात.” पुढे मुलगा कॉलेजात जाऊ लागला. त्याने एके दिवशी ते कव्हर काढून ठेवले आणि म्हणाला, “पप्पा, पवारांनी स्वतःचं नाव घालून लिहिलं, तुम्ही नुसतं वाचताय.” त्यानंतर पुस्तकाला कव्हर चढले नाही.

खोपोलीच्या एका कामगार बंधूंचे उत्तर होते ‘फकिरा’. शिक्षण चौथीपर्यंत. “अण्णाभाऊ तर दोन दिवससुद्धा शाळेत टिकले नाहीत, मग मी चौथी शिकलोय म्हणजे पुष्कळच,” असे ते हसत म्हणाले. अण्णाभाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ सालची आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, हेही त्यांना ठाऊक होते. रात्रपाळीत मशीन बंद पडले की सोबत्यांना ते तीतले प्रसंग तोंडी सांगतात.

पुडीच्या कागदावरून आत्मकथेपर्यंत

महिलांच्या मेळाव्यात हा प्रश्न निघाला, तेव्हा एका ताईंनी ‘जिणं आमुचं’चे नाव घेतले. बेबीताई कांबळे यांचे हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले होते. बेबीताईंचे फलटणला छोटेसे दुकान होते. सामान बांधायला जी रद्दी येई, तीच त्या वाचत. आणि लिहिलेल्या वह्या? त्या अनेक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवल्या! घरातल्या बाईचे लिहिणे-वाचणे घरालाच खपत नव्हते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

त्या ताई म्हणाल्या, “बाहेरच्यांनी आम्हाला कसं वागवलं, हे सगळेच सांगतात. घरात काय होतं, ते बेबीताईंनी सांगितलं. म्हणून ते पुस्तक माझं.” सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. मागे बसलेल्या आम्हा पुरुष मंडळींनी यावर विचार करावा. ज्यांना आणखी वाचायचे आहे त्यांच्यासाठी शांताबाई कांबळे यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ आहे. आपल्या कोकणातल्या उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आहे. चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास जपणारे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे पुस्तकही आहे.

कुलूपबंद कपाट

सर्वांत जिव्हारी लागलेले उत्तर मात्र दहावीतल्या एका मुलीचे. तिच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली काचेचे सुंदर कपाट आहे. शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड त्यात ओळीने लावलेले. मी तिला आवडते पुस्तक विचारले. ती म्हणाली, “काका, कपाटाची किल्ली बाबांकडे असते.”

तिच्या वडिलांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी जादा काम करून एकेक खंड जमवला आहे. वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १९७९ साली निघाला. पुढे काही खंड बाजारात मिळेनासे झाले. २०२१ साली तर या ग्रंथांच्या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. एकदा गेलेला खंड पुन्हा मिळेल की नाही, ही धास्ती खोटी नाही. मात्र ग्रंथ गमावण्याचे दुःख बाबासाहेबांनाही चुकले नव्हते. लंडनहून परतताना त्यांनी जहाजाने पाठविलेली पुस्तके १९१७ साली महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले. ग्रंथांसाठी दादरला ‘राजगृह’ बांधले. आणि याच संग्रहातील पुष्कळ ग्रंथ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले, विद्यार्थ्यांच्या हाती पडले. मग आपल्या कपाटाला कुलूप का?

केळुसकर गुरुजींची भेट

बाबासाहेब शाळकरी असतानाची एक हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परीक्षेतील यशाबद्दल त्यांचे कौतुक करण्यासाठी वस्तीने सभा भरवायचे ठरविले. सुभेदार रामजींना ते पसंत नव्हते. अशाने पोरगा शेफारेल, असे त्यांचे म्हणणे. अखेर सभा झाली. अध्यक्ष होते कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी. त्यांनी भिवाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. त्या वाचनाने आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे बाबासाहेब सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले, त्यामागे आयुष्यभराचा अभ्यास आणि संघर्ष होता. तरी त्या वाटेच्या सुरुवातीला एका शिक्षकाने एका मुलाच्या हातात ठेवलेले पुस्तक होते, हे विसरता येणार नाही.

आपल्या तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांत ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख कोरला आहे. ‘कण्हाचा शिष्य बलक याने हे केले’ असा त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने स्वतःच्या नावाबरोबर गुरूचेही नाव कोरून ठेवले. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे कारण हेच. आवडते पुस्तक सांगताना ते कोणी दिले, हेही सांगावे.

आता तुम्ही लिहा

वाचकहो, तीन गोष्टी एवढ्याच कराव्यात. एक, दहावी-बारावीच्या सत्कारात शाल-श्रीफळ आणि ट्रॉफी यांना फाटा देऊन मुलांना पुस्तक द्यावे. पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. दोन, प्रत्येक विहारात शंभर पानांची एक वही ठेवावी. पुस्तक कोणी नेले, केव्हा नेले, केव्हा आणले, एवढे चार रकाने पुरेत. मी कारकून आहे. अनुभवाने सांगतो की नोंद असली की वस्तू परत येते. तीन, घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आईला आणि मुलीला, त्यांचे आवडते पुस्तक विचारावे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर त्याचे कारण घरातच शोधावे.

आणि या पानासाठी आम्हाला जरूर कळवा. पुस्तकाचे नाव, ते कोणी दिले आणि तुम्ही ते पुढे कोणाला दिले. पोस्टकार्डावर मावेल एवढेच लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे उत्तर नातवंडांनी लिहून पाठवावे. दहावीतल्या त्या मुलीच्या वडिलांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.

जयभीम!