खाचेत बसलं, पण बोलेना

दिल्लीच्या नेहरू प्लेसला, प्रिंटरची शाई आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांच्या गर्दीतल्या एका गाळ्यात मला वायरलेस कार्ड मिळालं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं, काडेपेटीएवढं. ‘‘सर, सब में लगता है,’’ दुकानदार म्हणाला. आणि लागलंही. नोएडाला घरी येऊन राउटरच्या खाचेत सरकवलं, स्क्रू आवळला, तर शेजारपाजारच्या फ्लॅटमधल्या वाय-फायची नावं त्याने धडाधड वाचून दाखवली. फक्त पाच गिगाहर्ट्‌झवर स्वतःचं नेटवर्क काही केल्या उभं करेना.

राउटर म्हणजे पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ बोर्ड. पंखा नाही, प्रोसेसरची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या डबीला देऊन मोकळा होतो. पूर्वी हेच काम एक जुना डेस्कटॉप करायचा. तो सत्तर वॉट खातो असं धरलं, तर दिवसरात्र चालून महिन्याला पन्नास युनिट जळायचे. हा दहा वॉटने सातच युनिट घेतो. शिवाय बारा व्होल्टवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी छोट्याशा बॅटरीवर तग धरतो. जूनमध्ये नोएडात राहिलेल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग कार्ड का अडलं? लॅपटॉपचं कार्ड पाहुण्यासारखं वागतं: यजमान बोलल्याशिवाय तोंड उघडत नाही. कुठल्या वारंवारितेवर किती जोराने बोलायचं, हे देशादेशाला वेगळं असतं, आणि पाच गिगाहर्ट्‌झच्या काही भागात रडारही चालतात. आपण कुठल्या देशात आहोत हे कार्डाला ठाऊक नसतं. म्हणून ते आधी कान देतं. आजूबाजूचा एखादा अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू आला, की मगच उत्तर देतं. राउटरला मात्र पहिला शब्द स्वतःच उच्चारावा लागतो. लिनक्सवर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ ही आज्ञा दिली, की अशा वारंवारितांपुढे ‘नो आयआर’ असा शेरा दिसतो: स्वतःहून प्रसारण सुरू करू नये. माझ्या कार्डाच्या पाच गिगाहर्ट्‌झच्या यादीत हा शेरा ओळीने होता.

गंमत म्हणजे आपल्याकडचा कायदा एवढा कडक नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला. ट्रान्समीटरला एक वॉटची आणि अँटेनासकट प्रभावी चार वॉटची मर्यादा. पाच गिगाहर्ट्‌झ मात्र बराच काळ बहुतांशी घराच्या चार भिंतींत होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ६०५ मेगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा घराबाहेरही खुला झाला. म्हणजे अशोका रोडवरच्या संचार भवनातल्या दूरसंचार खात्याने मुभा दिली, तरी कार्डातल्या इवल्याशा स्मृतीत कारखान्यात कोरलेला जुना संयम सुटत नाही. तो मोडणारे जुगाड इंटरनेटवर सापडतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

खाचेचा घोळ निराळाच. मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि साठवणीची एमसाटा या खाचांचा आकार सारखा, आतल्या तारा वेगळ्या. साठवणीसाठीच्या खाचेत वाय-फाय कार्ड छान बसतं आणि मुकं राहतं. नव्या एम.२ कार्डांत तर एका आकड्याने दगा होतो. इंटेलचं एएक्स२०० स्वतंत्र कार्ड आहे. एएक्स२०१ अर्धंच, कारण त्याचा उरलेला भाग इंटेलच्याच चिपसेटमध्ये असतो. एपीयू२ वर प्रोसेसर एएमडीचा, तिथे ते निरुपयोगी.

शेवटी कॉम्पेक्सचं डब्ल्यूएलई६००व्हीएक्स घेतलं. हे राउटरसाठीच बनवलेलं, क्वालकॉम अथेरॉसच्या चिपवरचं. याहून जुन्या अथेरॉस चिपवरची ८०२.११एन कार्डं वेगाला कमी, पण त्यांचा ‘एथ९के’ ड्रायव्हर पूर्ण खुला आहे, बंद फर्मवेअरची गरजच नाही. वेगाचा हट्ट नसेल तर मी आजही तीच सुचवेन.

उरली अँटेना. कार्डावर तिच्यासाठी मोहरीएवढं सोनेरी बटण असतं, यू.एफएल नावाचं. त्यावर तार नखाने दाबली की ‘टक्’ होतं. हा जोड साधारण तीस वेळा काढ-घाल सोसतो, असं बनवणारे सांगतात. जुन्या कार्डाशी झटापट करताना माझ्या तारांचे अकरा ‘टक्’ आधीच खर्ची पडले होते.