फुटलेला चेंबर : टाकावा की जोडावा?

गाडी चालवून पोट भरणाऱ्या घराला गाडी उभी राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. खराब रस्त्यावर एखादा दगड खालून लागतो, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला तडा जातो आणि दिवसाची कमाई जागच्या जागी थांबते. चेंबर लोखंडी पत्र्याचा असेल तर साधा वेल्डरही तो जोडून देतो. पण तो ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर कोणी म्हणतो, “फेकून द्या, याला वेल्डिंग होत नाही,” तर कोणी एम-सील फासून गाडी रस्त्यावर काढतो. आमच्या मते ही दोन्ही टोके चुकीची आहेत. ओतीव ॲल्युमिनियम जोडता येते. मात्र ते कसे जोडतात, हे गाडीच्या मालकालाही ठाऊक पाहिजे. म्हणूनच हा लेखप्रपंच.

प्रथम एक सूचना. चेंबर फुटून ऑइल गळू लागले की इंजिन ताबडतोब बंद करावे. “गॅरेजपर्यंत नेऊ,” म्हणून गाडी तशीच दामटली तर बेअरिंग जळतात आणि चेंबरच्या दुरुस्तीऐवजी सगळे इंजिन खोलण्याचा खर्च अंगावर येतो.

हा धातू अवघड का?

ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेमुळे ऑक्साइडचा अगदी पातळ थर सदैव असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण हा थर वितळावयास २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे आतला धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. दुसरे असे की, लोखंड तापले म्हणजे लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम खाली गळते. शिवाय ते उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी लवकर पसरविते.

या कामाला आपल्याकडे ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. टंगस्टनच्या टोकाशी ठिणगीचा झोत तयार होतो आणि आर्गॉन वायू हवेला दूर ठेवतो. ॲल्युमिनियमसाठी मशीन एसी करंटवर चालवितात, कारण करंटची दिशा उलटते तेव्हा ऑक्साइडची साय फुटते. म्हणून मेस्त्रीकडे मशीन आहे एवढ्यावर थांबू नये. ते एसीवर चालते का, हे अवश्य विचारावे.

निम्मे काम सफाईचे

ओतीव धातूला बारीक छिद्रे असतात आणि वर्षानुवर्षांचे ऑइल त्यांत मुरलेले असते. तसेच वेल्डिंग केले की जोडात बुडबुडे राहतात व पुन्हा गळती लागते. म्हणून भाग धुवावा, कोरडा करावा, थोडा तापवून बाहेर आलेले ऑइल पुसावे आणि डाग येणे थांबेपर्यंत हे परत करावे. नंतर स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासावे. हा ब्रश लोखंडावर वापरलेला नसावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुऊन वेल्डिंग मुळीच करू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो आणि तो जिवावर बेततो.

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तड्यावर ‘व्ही’ आकाराची खाच काढतात. जाड भाग साधारण १०० ते १५० अंशांपर्यंत तापवून घेतात आणि वाकू नये म्हणून सपाट प्लेटला बोल्टने आवळतात. भरण्यासाठी बहुधा सिलिकॉन असलेला ४०४३ नंबरचा रॉड वापरतात. एकदम लांब न भरता थोडे थोडे भरावे लागते व शेवटचा खळगा पूर्ण भरून मगच झोत बंद करावा लागतो. नंतर भाग सावकाश थंड होऊ द्यावा. पाणी ओतू नये.

घेण्यापूर्वी तपासा

चेंबर बसविण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. जोडावर बाहेरून खडूची पूड लावावी, आतून रॉकेल ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. खडूवर ओला डाग उमटला तर जोड फुटका आहे. पॅकिंग बसते ती कड सपाट पट्टीने पाहावी. वाकली असेल तर फेसिंग करून घ्यावे. आतील धातूचा कीस पूर्ण धुऊन काढावा, नाहीतर तोच कीस ऑइलबरोबर इंजिनात फिरेल.

हिशेबही नीट मांडावा. वेल्डिंगची मजुरी, फेसिंग, पॅकिंग, नवे ऑइल, उतरवणी-चढवणी आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस ही सर्व बेरीज एका बाजूला, नवा भाग दुसऱ्या बाजूला. फरक थोडा असेल तर नवाच घ्यावा.

काही भाग मात्र पैसे वाचतात म्हणून कधीच जोडू नयेत. ॲल्युमिनियमची चाके, स्टिअरिंगचे भाग, चाक धरणारे आर्म. यांना उष्णतेची खास प्रक्रिया देऊन मजबुती आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती मजबुती जोडाजवळ उतरते. चेंबर पुन्हा फुटला तर ऑइल सांडेल. चाक फुटले तर घरातला माणूस जाईल.

वेल्डिंग करणाऱ्या मुलांसाठी

आपल्या वस्त्यांतील अनेक मुले गॅरेजमध्ये हे काम शिकतात. त्यांच्या आई-वडिलांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. काळ्या काचेच्या हेल्मेटशिवाय मुलाने झोताकडे पाहू नये, शेजारी उभे राहूनही नाही. त्रास लगेच कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या, दूध असले उपाय न करता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. खड्ड्यात किंवा बंद खोलीत तो साचला तर श्वासाची हवा उरत नाही, म्हणून जागा मोकळी हवी. आणि एखादा हलका भाग मॅग्नेशिअमचाही असू शकतो. खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकताच फेस आला तर त्याला हात लावू नये. त्याचा कीस पेटला तर पाण्याने आग भडकते. कोरडी वाळूच टाकावी.

आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजात हात बसलेल्या मुलाने तो केला तर हाताला कारणांची जोड मिळते. ‘उस्तादाने असेच करावयास सांगितले,’ म्हणणारा कारागीर आणि ‘असेच का करावयाचे,’ हे जाणणारा कारागीर यांच्या मजुरीत फरक पडतो, आणि त्यांच्या डोळ्यांतही. मुलगा दुसरा कारागीर व्हावा, यासाठी त्याच्या घरानेच पाठीशी उभे राहिले पाहिजे.