बुलेरियाचा ठेका हातात कसा बसवावा

फ्लामेंको गिटार शिकणाऱ्याचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो बुलेरियात. लय धावती, मिनिटाला २०० मात्रांच्याही पुढे जाणारी. आणि गिटारचे आघात ऐकणाऱ्याला भलत्याच जागी पडल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक आघाताची जागा ठरलेली असते आणि ती टप्प्याटप्प्याने हाताला शिकवता येते. इथे कस लागतो तो उजव्या हाताचा आणि पायाचा.

आधी आवर्तन समजून घेऊ. बुलेरिया हा दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा प्रकार. हेरेस दे ला फ्रोंतेरा शहरातल्या सांतियागो आणि सान मिगेल या वस्त्यांशी त्याचं घट्ट नातं आहे. त्याचं आवर्तन, म्हणजे कोम्पास, १२ मात्रांचं. मोजायला सुरुवात होते ती १२ पासून:

१२ १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११

यात १२, ३, ६, ८ आणि १० वर आघात. म्हणजे विभाग झाले ३, ३, २, २, २. आपला एकतालही १२ मात्रांचाच, पण त्याचे सहाही विभाग दोन-दोन मात्रांचे. बुलेरियात आधी तीन-तीनची चाल आणि मग अचानक दोन-दोनची. दुसरा फरक शेवटाचा. आपल्याकडे समेवर येण्याची ओढ असते, इथे गिटारचं वाक्य १० वर मिटतं. ११ ही श्वास घ्यायची जागा.

पहिला टप्पा: गिटार खाली ठेवा. पायाने दोन-दोन मात्रांचा ठेका धरा: १२, २, ४, ६, ८, १०. टाळी मात्र आघातांवर द्या: १२, ३, ६, ८, १०. आता नीट लक्ष द्या. १२, ६, ८ आणि १० ला पाय आणि टाळी एकत्र येतात. ३ ची टाळी मात्र पाय हवेत असताना पडते, २ आणि ४ च्या बरोबर मधे. बुलेरियाचं सिंकोपेशन इथूनच सुरू होतं आणि बहुतेक जण इथेच घसरतात: टाळी पायाकडे ओढली जाते, ३ ची ४ होते. ही एक टाळी निश्चिंतपणे पडू लागेपर्यंत पुढे जाऊ नका. लय मिनिटाला ८० मात्रा एवढी संथ ठेवली तरी चालेल.

दुसरा टप्पा: दाबलेल्या तारा. डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी टेकवा, म्हणजे सूर न उमटता नुसती खरखर ऐकू येईल. उजव्या हाताची तर्जनी प्रत्येक मात्रेवर खाली आणि मात्रेच्या मध्यावर वर. एका आवर्तनात २४ स्ट्रोक. आघाताच्या मात्रेवर डाउनस्ट्रोकबरोबरच अनामिकेने गिटारच्या पाटीवर टिचकी द्या. हिला गोल्पे म्हणतात. लाकूड खराब होऊ नये म्हणून फ्लामेंको गिटारवर तिथे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा लावलेला असतो.

तिसरा टप्पा: वगळणं. हात तसाच खाली-वर फिरत ठेवा, पण १२, १ आणि २ या मात्रांवर तारांना स्पर्श करू नका. फक्त त्यांच्यामागचे अपस्ट्रोक वाजू द्या. ३ वर गोल्पेसह पुन्हा मात्रेवर या आणि पुढचं आवर्तन नेहमीसारखं पूर्ण करा. मात्रा सोडून तिच्या मध्यावर वाजवण्याला कोंत्रातिएम्पो म्हणतात. इथे हात थांबवला की अपस्ट्रोक अंदाजाने मारावा लागतो आणि तो हमखास लवकर येतो. न वाजणारा डाउनस्ट्रोकही हवेत पूर्ण झाला, तर वाजणारा अपस्ट्रोक आपोआप जागेवर पडतो.

चौथा टप्पा: स्वर आणि रास्गेआदो. आता दोन कॉर्ड पुरेत. १२ ला ए मेजर, ३ ला बी फ्लॅट, १० ला परत ए. मग एखाद्या मात्रेत रास्गेआदो घाला: अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकामागून एक खाली सोडायची, शेवटी तर्जनी वर. एका मात्रेत चार स्ट्रोक, चारही सारख्या अंतराचे. घाईत अनामिकेचा आवाज दबतो, म्हणून तिचा सराव वेगळा करावा.

हे जमलं की टाळ्यांच्या सोबतीला बसा. फ्लामेंकोत टाळी, म्हणजे पाल्मास, हे स्वतंत्र वाद्यच आहे. गायकाचा आवाज झाकला जाऊ नये म्हणून तळवे पोकळ करून दबकी टाळी देतात. जोर हवा तिथे बोटं तळव्यावर मारून खणखणीत. एक जण मात्रेवर, दुसरा मात्रेच्या मधे. हेरेसचे गिटारवादक मोराईतो चिको (१९५६–२०११) यांचं वादन या सोबतीसाठी मुद्दाम ऐकावं. ते कुठे वाजवतात यापेक्षा कुठे हात आवरतात याकडे लक्ष द्या: गाण्याची ओळ चालू असताना साधा ठेका, आणि ओळ संपली की मोकळ्या जागेत तिरका आघात.

वाजवताना जागा हरवली तर पुढच्या मात्रा अंदाजाने भरू नका. हात थांबवा, पाय चालू ठेवा, १० ऐका, ११ सोडा आणि १२ ला पुन्हा आत या. सोबतचे लोक आवर्तन सांभाळून असतातच, त्यामुळे परत येण्याची संधी दर बारा मात्रांनी मिळते.