पडदा चर्चच्या अंगणात की टॉकीजमध्ये?

ख्रिस्ती चित्रपटाने आपल्या समाजापुरते राहावे, की सर्वांच्या पडद्यावर यावे? हा वाद विदेशी वाटला, तरी भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेशीच त्याचे नाते आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला. पडद्यावर येशू होता, त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम-कृष्ण उभे राहिले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. तो ख्रिस्तपट केवळ चर्चमध्ये दाखविला गेला असता, तर फाळके तेथे गेले असते काय?

पुढे वाट बदलली. १९७८चा तेलुगू 'करुणामयुडू' चित्रपटगृहांत चालला आणि हिंदीत 'दयासागर' होऊन प्रचारक पथकांबरोबर गावोगावी फिरला. १९७९चा 'जीझस' तर दोन हजारांहून अधिक भाषांत पोहोचला. चित्रपट प्रचाराचे साधन झाला, तेव्हा तटस्थ प्रेक्षक साहजिकच दुरावला.

खान्देशात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनरी आले आणि आदिवासी पाड्यांत चर्च उभी राहिली. धर्मांतरावरून संशयाचे वातावरण असताना उघड्या मैदानावरील प्रोजेक्टरही आमिष ठरतो. त्यामुळे 'आपले आपल्यात बरे' म्हणणाऱ्यांना भित्रे ठरविणे अन्यायाचे होईल. शिवाय तिकीटबारीची गणिते सांभाळताना श्रद्धेचा आशय पातळ होतो, हा त्यांचा आक्षेपही खोटा नाही.

तरीही प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) केवळ वारकऱ्यांसाठी नव्हता. तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि त्यातील भक्ती कोठेही उणावली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी चित्रपट केला. त्यात धर्मांतर आहे, पण ते एका संसाराची फरफट म्हणून येते. म्हणून ते कोणत्याही मराठी घरात पाहता येते. पडदा कोठे लावला यापेक्षा माणूस दिसतो की उपदेश, हाच खरा फरक आहे.

साधनांची अडचण आता फारशी नाही. धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला. अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजतात, वहीगायनासारखा कथा सांगणारा लोकप्रकार हाताशी आहे. जळगावच्या पडद्यावर अहिराणी ख्रिस्ती कुटुंबाची कथा लावायची, तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागेल, थिएटरमालक लागेल आणि मुख्य म्हणजे, शेजारच्या गल्लीतील अख्रिस्ती माणूस तिकीट काढेल अशी कथा लागेल.