चाकांवरचे लंडन आणि तळातली माणसे

फिलिप रीव्ह या इंग्रज लेखकाची ‘मॉर्टल इंजिन्स’ ही कुमारवयीनांसाठीची कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिचा प्रकार स्टीमपंक. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने हा शब्द १९८७ साली काहीशा थट्टेने काढला. वाफेची यंत्रे, पितळी चक्रे, हवाई जहाजे यांचे जग कल्पनेने ताणायचे, असे या लेखनाचे साधारण स्वरूप. पण वाफेचे युग म्हटले की खाण आली, गिरणी आली आणि भट्टीत कोळसा टाकणारा माणूसही आला. या प्रकारातले अनेक लेखक पितळ चकचकीत ठेवतात आणि कोळसेवाल्याला विसरतात. रीव्ह त्याला विसरत नाही.

साठ मिनिटांच्या युद्धात जुने जग संपल्यानंतरच्या दूरच्या भविष्यात ही कथा घडते. शहरे चाकांवर चढली आहेत. मोठे शहर लहान गावाचा पाठलाग करते, त्याला जबड्यात धरते आणि मोडून त्याचे लोखंड, इंधन काढून घेते. या लुटीला तिथे ‘म्युनिसिपल डार्विनिझम’ असे भारदस्त नाव आहे. शोषणाला निसर्गनियम म्हटले की शोषकाची झोप मोडत नाही. ‘लायक तोच टिकेल’ हा शब्दप्रयोगही मुळात डार्विनचा नव्हे. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली केला आणि धनिकवर्गाला फार मानवला. आपल्याकडे निसर्गाच्या जागी पूर्वकर्म उभे केले गेले, इतकेच.

रीव्हचे लंडन सात मजल्यांचे आहे. माथ्यावर सेंट पॉलचे चर्च आणि सत्ताधाऱ्यांची वस्ती. खाली यावे तसा धूर आणि इंजिनांचा गोंगाट वाढत जातो. तळाशी शहराचे ‘पोट’, जिथे गिळलेली गावे फोडली जातात. हे वाचताना ‘मूकनायक’ आठवणे अपरिहार्य आहे. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती: एकेक जात हा एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. रीव्हच्या लंडनमध्ये मात्र वरखाली जाणारे पाळणे आहेत. शहराबाहेर भंगार वेचणारा व्हॅलेंटाइन मुख्य इतिहासकाराच्या पदापर्यंत चढतो. त्या चढण्यामागे हेस्टर शॉ या मुलीच्या आईचा खून आहे, ही गोष्ट वेगळी. पण चढता येते. वर्ग आणि जात यांतला भेद विद्यार्थ्यांना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

कादंबरीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पोटाच्याही खालचा. शहराचा मैला जिथे साठतो तिथे कैदी राबतात. मेल्यावरही त्यांची सुटका नाही. त्यांच्या प्रेतांपासून यांत्रिक सैनिक बनवण्याचे प्रयोग चालतात. रीव्हच्या जगात मैल्यात उतरवणे ही शिक्षा आहे. माणसाला तिथे पाठवायला निदान गुन्ह्याचा आरोप तरी लागतो. आपल्याकडे त्यासाठी जन्म पुरेसा होता. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि त्यानंतरही गटारांत माणसे गुदमरून मेली.

मात्र हा तळ आपल्याला दिसतो तो व्हॅलेंटाइनची मुलगी कॅथरीन हिच्या डोळ्यांनी. ती वरून खाली येते, हादरते, तिचे मन पालटते. कैद्यांना काय वाटते? ते बोलत नाहीत. लेखकाची सहानुभूती खरी आहे, पण ती पाहुण्याची आहे. दलित साहित्याने सहानुभूती आणि स्वानुभव यांत जी रेघ ओढली, ती इथेही लागू पडते.

याला एक अपवाद आहे. ॲना फँग ही वैमानिक एकेकाळी आर्केंजल या शहरात गुलाम होती. तिने लपूनछपून सुटे भाग जमवले, स्वतःच्या हातांनी हवाई जहाज जुळवले आणि त्यातूनच ती निसटली. कोणी वरून पाळणा सोडण्याची तिने वाट पाहिली नाही. खरी कादंबरी इथे होती. रीव्ह तिची ही हकिकत थोडक्यात उरकतो आणि पुन्हा टॉम या शिकाऊ इतिहासकाराकडे वळतो.