मुलांना कोडिंगची गोडी लागते कशी?

कोडिंगच्या क्लासची फी भरताना अब्बांचा पहिला प्रश्न असतो, "नोकरी लागेल ना?" घर चालवणाऱ्याला तो पडणारच. पण निव्वळ पगाराच्या आशेवर मूल तासन्‌तास संगणकासमोर बसेल, असे आम्हाला वाटत नाही.

लिनस टोरवाल्ड्सचेच पाहा. त्याचे नाना फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. १९८१ च्या सुमारास त्यांच्याकडे कमोडोर व्हिक-२० हा छोटा संगणक आला. नाना प्रोग्राम कागदावर लिहीत आणि ११ वर्षांच्या नातवाकडून तो टाईप करून घेत. हळूहळू नातू स्वतःच लिहू लागला. १९९१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने लिनक्स जाहीर केले, तेही फक्त छंद म्हणून. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

ही गोडी कसली? आपण लिहिलेल्या चार ओळी यंत्र लगेच पाळते. चुकले तर तिथेच अडते, पण चारचौघांत लाज काढत नाही. (वर्गात ही सवलत क्वचितच मिळते!) सुटलेला अर्धविराम सापडून प्रोग्राम चालला, की जेवणाची हाकही ऐकू येत नाही.

म्हणून क्लासच्या आधी मुलाला, आणि मुलीलाही, घरातलेच काम द्या. दुधाचा महिन्याचा हिशोब, नाहीतर धाकट्या भावासाठी पाढ्यांचा खेळ. अम्मीने तो हिशोब खरोखर वापरला, तर त्यात पुढे काय सुधारायचे ते मूलच सांगू लागेल.